निरोगी व्यक्तीचा तक्ता

साईनाथच्या फायलीत एकच तक्ता अपुरा राहिला होता, आणि तो त्याच्या बायकोचा होता.

बाकी सगळं पुरं झालं होतं. हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या रोग्यांना व्यायामाने कसं सावरायचं, याचं दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण तो घेत होता. क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजी हे त्याचं नाव. त्याच्या गावी, पळसदरीत, ते कुणाच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून गाव साईनाथला 'चालवायचा डॉक्टर' म्हणायचं. आठवड्यातले तीन दिवस नवी मुंबईत कॉलेज आणि तीन दिवस खोपोलीच्या एका इस्पितळात उमेदवारी. उमेदवारीचे तास भरले होते, सतरा रोग्यांचे कागद फायलीला लागले होते, प्रत्येकावर इस्पितळात त्याचं काम बघणाऱ्या अनम मॅडमची सही होती. राहिला होता तो निरोगी व्यक्तीचा तक्ता.

त्याचा नियम असा होता. प्रत्येक विद्यार्थ्याने एक धडधाकट माणूस निवडायचा. दर तीन महिन्यांनी त्याला सहा मिनिटं चालवायचं. किती मीटर चालला, नाडी किती झाली, दम किती लागला, हे लिहून ठेवायचं. शेवटी सगळे आकडे एका कागदावर मांडून रेघ काढायची आणि खाली निष्कर्ष लिहायचा. निरोगी शरीर हाताखालून गेल्याशिवाय आजारी शरीर ओळखता येत नाही, एवढाच त्यामागचा हेतू.

साईनाथने हर्षलाला निवडलं होतं. सहा वेळा ती चालली. जानेवारीत गेली. एकोणतीस वर्षांची होती. हृदयाची एक झडप आवळत आवळत सुईच्या नेढ्याएवढी झाली होती.

आता मे संपत आला होता आणि जूनच्या वीस तारखेला तोंडी परीक्षा होती. साईनाथ रोज फाईल उघडायचा. सहा कागद होते. रेघ काढायची होती आणि चार ओळी लिहायच्या होत्या. हात पुढे सरकत नव्हता.

अनम मॅडम त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. नेरळला राहायच्या. जास्त बोलणाऱ्या नव्हत्या. एके दिवशी त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"साईनाथ, तो तक्ता काढून टाक. दुसरा कुणी घे. दोन चाचण्यांचा छोटा तक्ता चालवून घ्यायला मी कॉलेजला पत्र देते. असं झाल्यावर कुणी नाही म्हणणार नाही."

"बघतो, मॅडम."

"बघू नको. कर. तुला हे लिहायला लावणं मला बरं वाटत नाही."

तो घरी आला आणि सहा कागद फायलीतून काढायला बसला. क्लिप उघडली. पण एकदा तिला घरातून काढून नेलं होतं, आता आपल्या हाताने फायलीतूनही काढायचं, हे त्याला होईना. त्याने क्लिप परत लावली.

*

पहिली चाचणी ऑगस्टमध्ये झाली होती. कोर्स सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

त्याआधी साईनाथ आठ वर्षं कर्जत स्टेशनाजवळच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करत होता. गुडघे शेकायचे, खांदे हलवून द्यायचे. अधूनमधून बायपास झालेलं कुणीतरी यायचं आणि विचारायचं, मी चालू किती, जिना चढू का? साईनाथला नीट सांगता यायचं नाही. एकदा जेवताना त्याने हे हर्षलाला सांगितलं.

"मग शिका की," ती म्हणाली.

"आता? या वयात? घराचं काय?"

"घराला काय धाड भरलीय? मी हाय, आत्याबाई हायत." सासूला ती आत्याबाई म्हणायची. स्वतः कर्जतजवळच्या एका नर्सरीत कामाला होती. कलमं बांधायची, कुंड्या उचलायची. "दोन वर्षांचा तर प्रश्न हाय. तुमी फक्त पास व्हा."

तर ऑगस्टमधला तो रविवार. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक सपाट तुकडा आहे. साईनाथने टेपने तीस मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली. कॉलेजात वळायच्या जागी प्लॅस्टिकचे शंकू ठेवतात. इथे हर्षलाने नर्सरीतल्या दोन कुंड्या आणून ठेवल्या. सकाळचे सात वाजले होते. धरणावर आलेली मुंबईची चार पोरं गाडी थांबवून बघायला लागली.

"काय आहे, शूटिंग आहे का?" एकाने विचारलं.

"शूटिंग नाय वो," हर्षला म्हणाली. "ह्यांची परीक्षा हाय. चालायचं मात्र मला."

या चाचणीत चालणाऱ्याशी गप्पा मारायच्या नसतात. दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य, एकाच आवाजात बोलायचं. साईनाथ घड्याळ बघत म्हणाला, "छान चाललंय. अजून पाच मिनिटं राहिली."

हर्षला हसायला लागली. "असं रेडिओवानी काय बोलता?"

"हसू नको गं. आकडा कमी येईल. माझी सगळी परीक्षा तुझ्या पायांवर हाय."

हे तो गमतीत बोलला होता.

ती पाचशे अठ्ठ्याऐंशी मीटर चालली. चाचणी संपली की दम किती लागला ते विचारायचं असतं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे त्याहून जास्त शक्यच नाही. शून्य आणि एकच्या मध्ये अर्धा असतो.

"किती?"

"अर्धा लिवा," ती म्हणाली. "कटिंगवानी."

चाचणीच्या आधी अकरा प्रश्नांचा एक कागद भरायचा असतो. चालताना दम लागतो का, छातीत धडधडतं का, घेरी येते का, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असे प्रश्न. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायचा, समोरच्याचं उत्तर ऐकायचं आणि मगच खूण करायची, असं कागदावरच छापलेलं असतं. साईनाथने तो कागद आदल्या दिवशी, कॉलेजातून येताना गाडीत बसूनच भरला होता. अकराही ठिकाणी 'नाही'. लग्नाला पाच वर्षं झाली होती. स्वतःच्या बायकोला काय विचारायचं?

*

नंतरच्या चाचण्यांत आकडा उतरत गेला. पाचशे चौऱ्याहत्तर. पाचशे एकसष्ट. पाचशे चाळीस. पाचशे बावीस. शेवटच्या नोव्हेंबरात चारशे अठ्ठ्याण्णव.

प्रत्येक वेळी साईनाथ पुस्तकातलं कोष्टक काढून बघायचा. तिच्या वयाच्या, तिच्या उंचीच्या बाईला एवढे मीटर चालतील, असं त्यात असायचं, आणि तिचा आकडा त्या मर्यादेत बसायचा. तिच्याच मागच्या आकड्याशी त्याने तो ताडून बघितला नाही. तो कागद मागे लावला जायचा आणि साईनाथ पुढच्या कामाला लागायचा. कमी का आला, याला कारणंही मिळत गेली. एकदा चपलेचा अंगठा तुटला होता. मे महिन्यात ऊन होतं. दुसऱ्या ऑगस्टला रस्ता निसरडा होता. नोव्हेंबरात दिवाळीची साफसफाई करून ती थकली असेल. नाडीचा आकडाही वाढत होता. बसल्या जागी अठ्ठ्याहत्तर होती ती शंभरावर गेली. चहा प्यायली असेल, असं त्याला वाटलं.

दम किती, याचं उत्तर सहाही कागदांवर एकच होतं. अर्धा.

जानेवारीत एका सकाळी नर्सरीत आंब्याच्या कलमांच्या पिशव्या उचलताना ती खाली बसली. बाकीच्या बायांना वाटलं, दमली असेल. मग तिला खोकला लागला आणि खोकल्यातून लालसर फेस आला. टेंपोत घालून तिला कर्जतला नेलं, तिथून ॲम्ब्युलन्सने पुढे मोठ्या इस्पितळात. साईनाथ खोपोलीहून थेट तिकडे पोहोचला. अंगात इस्पितळाचा पांढरा कोट तसाच होता, गळ्यात ओळखपत्र. दुपारी अडीच वाजता ती गेली.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी साईनाथचं ओळखपत्र वाचलं आणि हळू आवाजात विचारलं, "हे एका दिवसाचं नाहीये. निदान दोन वर्षांपासून असणार. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

साईनाथने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं.

दहाव्याला तिची आई कळंबहून आली होती. बायांत बसून सांगत होती, चौथीत असताना पोरीचे गुडघे सुजले होते, दोन महिने ताप हटत नव्हता, शाळा बुडाली. साईनाथ पाणी द्यायला गेला होता. हातातला तांब्या तिथेच ठेवून तो मागच्या दाराने बाहेर आला. अकरा प्रश्नांतला तो आठवा प्रश्न होता; असल्या तापानेच पुढे हृदयाची झडप आवळत जाते.

*

मेच्या शेवटच्या आठवड्यात झाकीरचाचांची चाचणी होती. खालापूरला त्यांची लाकडाची वखार. फेब्रुवारीत बायपास झालेली. बोलायला मोकळे, पण कुणाचं ऐकायला अवघड. बायकोला, म्हणजे अख्तरुन्निसाचाचींना, दर वेळी सोबत आणायचे आणि दर वेळी म्हणायचे, हिला मीच फिरायला आणलंय.

"चला मास्तर," चाचा इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात उभं राहत म्हणाले. "बाजारात बकऱ्यालाही इतकं चालवून बघत नाहीत."

"बकरा खोटं बोलत नाही ना, चाचा," साईनाथ म्हणाला. खूप दिवसांनी तो असं काही बोलला होता.

चाचा चालले. मध्ये एकदा भिंतीला हात लावून उभे राहिले आणि भिंतीवरची नोटीस वाचत असल्याचं दाखवलं. सहा मिनिटं संपल्यावर साईनाथने खुर्ची पुढे केली.

"दम किती, चाचा? शून्य ते दहा."

"शून्य."

"लिहू नका हो," बाकावरून चाची म्हणाल्या. "झूट बोलतात. परवा जिन्यात तीनदा बसले. विचारलं तर म्हणतात, पायरीचा दगड बघतोय."

"दगडच बघत होतो. वखारवाल्याला दगडाची पारख नसते का?"

"लाकडाची असते. दगडाची नसते." चाची साईनाथकडे वळल्या. "मास्तर, एक सांगू? यांचा दम मोजायचा असेल तर यांना विचारू नका. मला विचारा. यांना झोपताना उशा किती लागतात, ते मला ठाऊक आहे. आधी एक होती. आता तीन."

साईनाथने चाचांच्या कागदावर तीन उशा असं लिहिलं, मॅडमना बोलावलं, मॅडमनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. हे सगळं त्याने रीतसर केलं.

पण तो दिवसभर तिथे नव्हताच. उशा किती लागतात, हे वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. हर्षलाला किती लागायच्या? त्याला माहीत नव्हतं. कोर्स सुरू झाल्यापासून तो पडवीत झोपायचा. उशिरापर्यंत वाचायचा, पहाटे साडेचारला उठायचा. दिव्याने तिची झोपमोड नको, म्हणून. हर्षला आतल्या खोलीत त्याच्या आईपाशी झोपायची.

*

त्याची आई सोनुबाई अंगणात वाल निवडत बसली होती. उन्हं उतरली होती. साईनाथ आला, पाय धुतले आणि आईसमोर बसला. पाच महिन्यांत दोघं हर्षलाविषयी बोलले नव्हते. जेवण, पाणी, दूधवाला, एवढंच.

"आये, एक विचारू?"

"इचार की."

"हर्षला उशा किती घ्यायची?"

सोनुबाईचा हात सुपात थांबला. तिने वर बघितलं नाही.

"आये."

"तिनं शप्पथ घातली व्हती रं मला."

"कसली शपथ?"

"तुला सांगायचं नाय म्हणून." ती सुपातला एकच दाणा बोटाने इकडून तिकडे ढकलत राहिली. "पयली एक उशी व्हती. मंग दोन झाल्या. मंग गोधडीची वळकटी करून पाठीशी घ्यायची. दिवाळीच्या म्होरं तर भिंतीला टेकून बसूनच झोपायची. आडवी झाली का जीव घाबरायचा तिचा. मी म्हटलं, साईला सांग, तो तेच शिकतो. तर म्हणाली, आत्याबाई, मी चांगल्या माणसाच्या कागदावर हाय. आजारी निघाले तर कागद बाद होईल. दोन वर्षांचं लिवलेलं सगळं जाईल. ह्यांचं वरीस फुकट जाईल. जूनमदी परीक्षा झाली का दाखवू डॉक्टरला."

साईनाथने पायाजवळ पडलेला वाल उचलून सुपात टाकला.

"तुझी चाचणी आयतवारी असायची ना? शनवारी ती कामाला जायची नाय. रजा टाकायची. दिसभर पडून राहायची. पायाला सूज दिसाया नको म्हणून पाणी सुदीक मोजून प्यायची. म्हणायची, उद्याला आकडा चांगला आला पायजे."

"तू तरी सांगायचंस!" साईनाथ एकदम ओरडला. पलीकडच्या अंगणातली बाई मान वळवून बघायला लागली. "शपथ मोठी का माणूस मोठं?"

"मला काय ठाव, एवढं हाय त्ये? मला वाटलं, रगत कमी झालंय. मी बीट घालत व्हते तिला, खजूर देत व्हते." सोनुबाईने पहिल्यांदा मान वर केली. डोळे कोरडे होते. "आन तू रं? मी अडाणी. तू तर शिकलेला. तिचा हात हातात धरून नाडी मोजायचास. तुला नाय कळलं?"

साईनाथ उठला. काय करावं ते न सुचून त्याने आईसमोरचं सूप उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं.

सगळ्यात वाईट गोष्ट त्याला एकट्यालाच माहीत होती. कागद बाद होणार नव्हता. तक्त्याचा माणूस मध्येच आजारी निघाला, तर तशी नोंद करून त्याला डॉक्टरकडे पाठवायचं, एवढाच नियम होता. वर्ष जात नाही, मार्कही जात नाहीत. माहितीपुस्तकाच्या चौथ्या पानावर ते छापलेलं होतं. हर्षलाने कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी त्याने सहाही आकडे मांडून रेघ काढली. पट्टी लावून काढली. रेघ कुठेही वर गेली नाही. सहा कागद वेगवेगळे बघताना जे दोन वर्षं दिसलं नव्हतं, ते एका कागदावर एखाद्या पोरालाही दिसलं असतं.

मग त्याने निष्कर्ष लिहिला. तो इंग्रजीत लिहायचा होता, पण आधी त्याने मराठीत लिहून काढला. शब्द शोधायला लागू नयेत म्हणून.

'ही व्यक्ती निरोगी नव्हती. अकरा प्रश्नांचा कागद तिला न विचारता भरला गेला. प्रत्येक आकडा पुस्तकातल्या मर्यादेत होता, म्हणून तो तिच्याच मागच्या आकड्याशी ताडून बघितला नाही. तिसऱ्या चाचणीनंतर तिला हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. दम किती हे फक्त तिला विचारलं. घरात कुणालाही विचारलं नाही. व्यक्ती सहाव्या चाचणीनंतर दोन महिन्यांनी मरण पावली.'

खाली चाचणी घेणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. ते लिहिलं.

अनम मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साईनाथ, तू काय लिहिलंयस ते तुला कळतंय ना?"

"हो."

"प्रश्न न विचारता कागद भरला, असं तूच लिहून देतोयस. ही नुसती चूक नाही. खोटी नोंद आहे. बाहेरचे परीक्षक फाईल नाकारू शकतात. वर्ष जाऊ शकतं."

"माहीत आहे."

"आणि बदलून द्यायला मी तयार आहे. आजही. परीक्षेला अजून वेळ आहे. तुझ्या आईला दोनदा चालव. विषय संपला." त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला. "ती असती तर तिने काय सांगितलं असतं?"

"तक्ता बदला, म्हणाली असती."

"मग?"

याचंच उत्तर साईनाथ दोन दिवस शोधत होता. त्याचं वर्ष जाऊ नये म्हणून ती भिंतीला टेकून झोपली. त्याने पास व्हावं, एवढंच तिला हवं होतं. खरं लिहिलं तर तेच हातातून जाण्याची भीती. न लिहिलं तर तिचे सहा कागद रद्दीत जाणार, आणि त्या जागी दुसऱ्या कुणाचे तरी साफसूफ आकडे येणार. मग ती चालली होती, हे कुठेच राहणार नव्हतं.

"मॅडम, मला कारण नीट सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण दुसऱ्याचा तक्ता लावून मी पास झालो, तर पुढे कुणाच्याच नाडीला हात लावू शकणार नाही. तुम्ही सही करा."

मॅडमनी सही केली. सही करताना त्यांचं नाक लाल झालं होतं. "जा," त्या म्हणाल्या. "झाकीरचाचांचा फोन होता. औषध बदललंय. दोन उशांवर आलेत."

*

वीस जूनला नवी मुंबईत तोंडी परीक्षा झाली. परीक्षक पुण्याहून आलेले, साठीच्या पुढचे गृहस्थ होते. सतरा रोग्यांचे कागद त्यांनी भराभर उलटले. चार-पाच प्रश्न विचारले. साईनाथने उत्तरं दिली. ती बरोबर होती, हे त्यांच्या मान हलवण्यावरून कळत होतं. मग ते शेवटच्या तक्त्यावर आले आणि बराच वेळ वाचत राहिले.

"या कोण होत्या?"

"माझी पत्नी."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "पाणी घ्या."

"नको सर."

"प्रश्न का विचारले नाहीत तिला?"

"मला वाटलं, मला माहीत आहे."

"तिसऱ्या चाचणीला काय दिसायला हवं होतं?"

"बसल्या जागची नाडी चौदाने वाढली होती. थांबल्यावर एका मिनिटात ती जेवढी उतरायला हवी तेवढी उतरली नव्हती. अंतर सत्तावीस मीटरने कमी झालं होतं. आणि ती दम अर्धा सांगत होती. नाडी वाढलेली आणि दम मात्र अर्धा, हे जुळत नव्हतं. तिथे थांबून तिला विचारायला हवं होतं."

परीक्षकांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "तुम्ही चांगले विद्यार्थी आहात. या वर्षी मी पाहिलेल्यांत चांगले. पण हा तक्ता मला मान्य करता येणार नाही. नोंद खोटी होती, आणि ती खोटी होती असं तुम्हीच सांगितलंत, तरी ती खोटीच राहते. डिसेंबरमध्ये परत या. नवा माणूस, नवा तक्ता. बाकी सगळं मी पास धरतो."

"हो सर."

"तुमच्यावर राग नाही माझा."

"माहीत आहे, सर."

"फाईल घेऊन जा. हा कागद मात्र मला द्याल? नाव झाकून मी पुढच्या मुलांना दाखवीन."

साईनाथने क्लिप उघडली आणि रेघ काढलेला तो कागद काढून दिला. या वेळी हात अडला नाही.

*

घरी पोहोचला तेव्हा दिवेलागण होत होती. सोनुबाईने अंगण झाडून घेतलं होतं. चुलीवर तांदळाची खीर होती. सणालाच करायची ती, आणि या घरात वर्षभर सण करायचा नव्हता. पण तिने केली होती. त्याला बघून ती दारात आली. पदराने हात पुसत होती, आणि हात कोरडे झाले तरी पुसतच होती.

"काय झालं रं?"

साईनाथने पिशवी खाली ठेवली. डिसेंबर हा शब्द त्याच्या तोंडापर्यंत आला होता. गाडीत त्याने वाक्यही जुळवलं होतं, आये, सहा महिन्यांनी परत जायचंय, काळजीचं कारण नाही. पण आईचं तोंड बघितलं आणि त्याला कळलं, ती त्याची परीक्षा विचारत नव्हती. तिने शपथ पाळली होती. ती पाळून निदान काही हाती लागलं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"झालो," तो म्हणाला. "पास झालो."

सोनुबाई दाराची चौकट धरून खाली बसली. मग उठली आणि आत गेली. आतल्या खोलीत, जिथे हर्षला झोपायची, त्या भिंतीवर तिचा फोटो होता. सोनुबाई त्याच्यापुढे उभी राहिली.

"हर्षला," ती मोठ्याने म्हणाली, "पास झाला गं साई. आयकलंस का? तुझं काम झालं."

साईनाथ पडवीत उभा होता. तिला थांबवायला हवं होतं. तो दोन पावलं पुढे गेला, पण ती बोलून चुकली होती.

सोनुबाईने दोन वाट्यांत खीर वाढली. एक फोटोपुढे ठेवली, दुसरी साईनाथच्या हातात दिली आणि समोर बसली.

"खा रं," ती म्हणाली. "आज तिलाबी गोड लागंल."

साईनाथने चमचा तोंडात घातला. खिरीत साखर जास्त झाली होती. आई समोर बसून बघत होती, म्हणून त्याने वाटी संपवली आणि अजून थोडी वाढ म्हणाला.